हशा कोणाच्या बोलीवर? : मंचावरील श्रुतिकेचे दोन प्रयोग

आकाशवाणीवरील विनोदी श्रुतिका हा मराठी मध्यमवर्गाच्या स्मरणातला एक लाडका ठेवा आहे. मुंबई केंद्रावरून होणाऱ्या ‘पुन्हा प्रपंच’मधील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही नावे आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांनी केवळ आवाजाच्या बळावर एक अख्खे घर उभे केले. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु श्रुतिकेच्या या सबंध परंपरेकडे पाहताना आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या माध्यमात चेहरा दिसत नाही, अंगावरचे कपडे दिसत नाहीत, घर दिसत नाही, त्या माध्यमात मालक कोण आणि गडी कोण हे श्रोत्याला कसे कळते?

उत्तर सरळ आहे. ते बोलीवरून कळते. श्रुतिकेत बोली हीच वेशभूषा असते. म्हणून श्रुतिकेतला हशा कोणाच्या बोलीवर पिकतो, हे तपासणे म्हणजे त्या हशाची जात तपासणे होय.

हा विचार मला पुस्तकातून सुचला नाही. नांदेडच्या एका लहानशा हौशी नाट्यसंस्थेने जुन्या विनोदी श्रुतिका प्रेक्षकांसमोर, मंचावर सादर करण्याचा उपक्रम केला. मंचावर नेपथ्य नाही. तीन मायक्रोफोन, हातात संहिता घेतलेले पाच नट, आणि एका बाजूला ध्वनिसंकेतांचे टेबल. त्या टेबलापाशी मी उभा होतो. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, गडगडाटासाठी पत्रा, दारासाठी कडी लावलेली एक फळी, आणि पाण्याची बादली. पहिला प्रयोग नांदेडला झाला, दुसरा लातूरला. या दोन प्रयोगांमध्ये जे अंतर पडले, त्याची चर्चा येथे करावयाची आहे.

नांदेडच्या प्रयोगात तीन जुन्या कौटुंबिक श्रुतिका होत्या. साहेबांचे बिऱ्हाड, त्यांची पत्नी, आगंतुक पाहुणा आणि घरातला गडी. कथानक काय ते पाहुण्याचे. हशा मात्र गड्याचा. गडी ‘पानी’ म्हणतो, बाई ‘अरे, पाणी म्हण’ म्हणतात, गडी पुन्हा ‘पानी’ म्हणतो, आणि सभागृह हसते. संहितेत दुसरा विनोद नाही. गड्याचे काही चुकलेले नाही, त्याने काही फसवलेले नाही, तो मूर्खही नाही. ‘ण’ऐवजी ‘न’ उच्चारणे एवढाच त्याचा अपराध!

रेडिओवर हे ऐकताना मन निवांत राहते, कारण गड्याचा आवाज काढणारा कोण हे आपल्याला दिसत नसते. मंचावर ते दिसते. गड्याचे काम करणारा तरुण शहरातल्या चांगल्या घरातला होता. आपली पाळी आली की तो खांदे पाडी, मान वाकवी, जीभ जड करी. वाक्य संपले की पुन्हा ताठ उभा राही. तो गुणी नट आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ही बोली उसनी आहे आणि ज्याची ती आहे तो माणूस मंचावर नाही, ही गोष्ट त्याच्या त्या वाकण्या-उठण्याने उघडी पडली. रेडिओने जे झाकले होते, ते मंचाने दाखवले.

या प्रकाराला जगात मोठे उदाहरण आहे. अमेरिकेत १९२८ साली ‘एमॉस अँड अँडी’ नावाची विनोदी मालिका रेडिओवर सुरू झाली आणि अफाट लोकप्रिय झाली. तिच्यातील काळ्या माणसांचे आवाज फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट काढीत. काळ्यांचे वृत्तपत्र ‘पिट्सबर्ग कुरियर’ने १९३१ साली तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. पुढे १९५१ मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा चेहरे दिसू लागल्याने काळे नट घ्यावे लागले. परंतु पात्रांचा साचा तोच राहिला आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तिचा निषेध केला. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नट बदलला म्हणून हशा बदलत नाही. हशाचे लक्ष्य बदलावे लागते.

आमच्या पिढीतल्या अनेकांनी हे अंगावर भोगले आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. महाविद्यालयात आल्यावर मी ‘ण’ आणि ‘ळ’ घोटून घोटून कमावले. आज मी वर्गात शुद्ध बोलतो आणि घरी ‘पानी’ म्हणतो. नांदेडचेच नाटककार दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’त काका, प्राध्यापक सतीश आणि अर्जुन अशा तीन पिढ्या एकाच घरात वाद घालतात. केवळ बोलण्याच्या बळावर दलित कुटुंबाचे नाटक उभे राहते, हे त्या नाटकाने दाखवले आहे. मग श्रुतिकेने का दाखवू नये?

लातूरच्या प्रयोगासाठी संस्थेतील दोघांनी नवी श्रुतिका लिहिली. विषय पाण्याच्या रेल्वेचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर. श्रुतिकेत एका सोसायटीचे सचिव या पाण्याच्या स्वागताची सभा घेतात. प्रमाण भाषेत, समासांनी जड झालेले त्यांचे भाषण चालू असते, आणि मागून वस्तीतली म्हातारी विचारते, “रेल्वेनं पानी यायलंय म्हणं. आमच्या नळाला कवा यायचं?” सचिव ‘नियोजनबद्ध वितरणव्यवस्था’ समजावू लागतात. म्हातारी पुन्हा तेच विचारते. दर वेळी सचिवांचा समास लांबतो आणि म्हातारीचा प्रश्न आखूड होत जातो. शेवटी ती एवढेच म्हणते, “कवा?”

सभागृह हसले, आणि ते सचिवांना हसले. ‘पानी’ हा शब्द या वेळी चूक राहिला नाही. तो मुद्दा झाला. म्हातारीचे काम करणारी बाई वस्तीतलीच होती. तिला जीभ वाकवावी लागली नाही, की मान पाडावी लागली नाही.

ध्वनिसंकेतांच्या बाबतीतही फरक पडला. जुन्या श्रुतिकांत पाण्याचा एकच आवाज असतो. तांब्यातून पेल्यात पडणारा, जवळचा, भरीव. नव्या श्रुतिकेत म्हातारी आपल्या लहानपणीची आठवण सांगते, तेव्हा वरून ओंजळीत सोडलेल्या पाण्याची धार ऐकू यायला हवी होती. ही धार लांब असते, पातळ असते, आणि मध्ये हवा असते. तालमीत मी तांब्या कमरेइतका उंच धरला, पण तो आवाज येईना. हात डोक्याच्या वर नेला तेव्हा आला. वाढणारा आणि पिणारा यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढीच ती धार लांब. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले, ते हेच अंतर मोडण्यासाठी. सभागृह या जागी एकदम शांत झाले. हसवता हसवता असे शांत करता येणे, ही या श्रुतिकेची खरी कमाई होय.

तिच्यात दोष नाहीत असे नाही. शेवटच्या भागात लेखकांचा धीर सुटतो. ‘कवा?’ या प्रश्नावर थांबण्याऐवजी एक कार्यकर्ता येतो आणि पाच मिनिटे भाषण करतो. सचिवांना ज्या पाल्हाळासाठी आपण हसलो, तोच पाल्हाळ कार्यकर्त्याच्या तोंडी आला, हे लेखकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. म्हातारी सोडली तर इतर स्त्रियांना नळावर भांडण्यापलीकडे काम नाही. म्हणजे जुन्या श्रुतिकेतली कजाग बाई येथेही शिल्लक आहे. सचिवांचे पात्रही फार सोपे केले आहे. आपल्यातलाच शिकून सोसायटीत राहायला गेलेला, घोटलेल्या ‘ण’ने बोलणारा माणूस त्या खुर्चीत बसवला असता, तर हशा अधिक खोल गेला असता आणि आपल्यालाही टोचला असता.

प्रयोगानंतर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपण हसवायचं कशाला?” प्रश्न गंभीर आहे. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अशा भूमीत विनोद म्हणजे वेदनेची थट्टा, असे त्याला वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु वेदना आणि नकार यांच्याबरोबर आपल्या परंपरेत सोंगही आहे. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची टर उडवून लोकांना शहाणे केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून गावोगाव चळवळ नेली, तेव्हा गाण्यांइतकाच संवादांतल्या हजरजबाबीपणाचा उपयोग केला. तमाशातला सोंगाड्या पाटलाला उलट प्रश्न विचारी, आणि तो रंगवणारा कलावंत पुष्कळदा महार-मांगांतला असे. हा उलट प्रश्न आपलाच आहे. रेडिओच्या श्रुतिकेने सोंगाड्याला गडी करून स्वयंपाकघरात नेऊन बसवला. त्याला तेथून उठवायचे आहे.

या प्रकाराला खर्च जवळजवळ नाही. नेपथ्य नको, पोशाख नको. संहिता हातात असल्याने पाठांतराचीही अडचण नाही. वस्तीतल्या विहारात, महाविद्यालयाच्या वर्गात, जयंतीच्या मंडपात तो सहज होऊ शकतो. दिवसभर मजुरी करून रात्री तालमीला येणाऱ्या माणसाला झेपेल असा हा नाट्यप्रकार आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या आज्या-आयांची बोली जशीच्या तशी उतरवून घ्यावी, तिच्यात प्रश्न विचारणारी पात्रे लिहावीत आणि ती त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावीत. लातूरच्या त्या बाईंनी पुढच्या श्रुतिकेसाठी स्वतःच विषय सुचवला आहे. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र. लिहायला आता त्यांच्याच शेजारी बसले पाहिजे.