होमर आणि इंग्रजी शब्दसंग्रह

परकी भाषेचे शब्द कसे शिकावे, याविषयीं आपल्याकडे दोन मतें पूर्वापार चालत आलीं आहेत. पहिलें पाठांतराचें. अमरकोश मुखोद्गत करावा आणि मग रघुवंश उघडावा, हा संस्कृताध्ययनाचा जुना क्रम. इंग्रजी आल्यावर तोच क्रम तिलाहि लागला, आणि भाषांतर पाठमाला व शब्दार्थांच्या वह्या यांवर आपल्या कित्येक पिढ्यांचें इंग्रजी पोसलें. दुसरें मत असें कीं, शब्द कोशांत सांपडला तरी त्याची खरी ओळख ग्रंथांतच होते. यास्तव एखादें मोठें काव्य घेऊन बसावें आणि वाचतां वाचतां शब्द वेंचावे. हा दुसरा मार्ग होमराच्या महाकाव्यांच्या इंग्रजी भाषांतरांतून जाऊं शकेल काय, आणि गेल्यास विद्यार्थ्याच्या पदरांत काय पडेल, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास रचलेलें ग्रीक काव्य इंग्रजी कसें शिकवणार, ही शंका साहजिक आहे. तिला एक सोपें उत्तर नेहमीं दिलें जातें, तें असें कीं, इंग्रजींत होमराचे पुष्कळ शब्द रुळले आहेत. 'इलियड'च्या पांचव्या सर्गांत पन्नास माणसांएवढा आवाज असलेला स्टेंटॉर आहे. त्यावरून मोठ्या आवाजाला 'स्टेंटोरियन' हें विशेषण मिळालें. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गांतील क्षणोक्षणीं रूप पालटणाऱ्या प्रोटियसवरून 'प्रोटियन' आला. हे शब्द शिकण्याजोगे आहेत, यांत संशय नाहीं. परंतु या यादीचा हिशेब वाटतो तितका सरळ नाहीं. 'मेंटर' हें नांव होमराचें. पण 'मार्गदर्शक' हा त्याचा आजचा अर्थ रूढ होण्यास फेनलाँ या फ्रेंच लेखकाची १६९९ मधील टेलिमॅकसविषयींची कादंबरी पुष्कळ अंशीं कारण झाली. अकिलीजच्या टांचेची कथा तर होमरांत मुळींच नाहीं. आणि लाकडी घोडा 'इलियड'मध्यें शोधणाऱ्याला तो अखेर 'ओडिसी'त भेटतो. शिवाय असे शब्द पोशाखी असतात, सणावारीं काढावयाचे. तेवढ्यासाठीं चोवीस सर्ग वाचावयास सांगणें म्हणजे विद्यार्थ्यावर जुलूम होय.

खरा लाभ निराळा आहे, आणि तो होमराच्या पुनरुक्तींत आहे. 'इलियड'च्या सुमारें १५,७०० व 'ओडिसी'च्या सुमारें १२,१०० ओळींत तींच विशेषणें, तींच चरणार्धें, तेच प्रसंग पुनः पुनः येतात. मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडितानें १९२८ मध्यें पॅरिस येथें सादर केलेल्या प्रबंधांत ही पुनरुक्ति परंपरागत रचनापद्धतीचें अंग असल्याचें दाखविलें, आणि पुढें तिचा संबंध मौखिक काव्याशीं जोडला. गीतेंत अर्जुन 'महाबाहो' व 'गुडाकेश' होऊन वारंवार भेटतो, तसाच येथें अकिलीज शीघ्रपाद होऊन आणि उषा गुलाबी बोटांची होऊन भेटते. पाहुणा आला कीं हात धुण्यास पाणी, मग भोजन, आणि त्यानंतरच नांवगांवाची चौकशी, हा क्रम ठरलेला. त्यामुळें वल्हें, शीड, उंबरठा, चूल, माग, भाला या वस्तूंचे इंग्रजी शब्द वाचकाला इतक्या वेळां भेटतात कीं, पाठांतर न करतांहि ते अंगवळणीं पडतात. आमच्या वह्यांत अवजड शब्दांचा भरणा असतो; उंबरठ्याचा शब्द क्वचितच असतो. मॅथ्यू आर्नल्डनें १८६१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत वेग, साधेपणा, सरळपणा व उदात्तता हे होमराचे गुण सांगितले. मोठी गोष्ट लहान शब्दांत सांगतां येते, हा धडा आमच्या पल्लेदार इंग्रजीला फार उपयोगी आहे.

मात्र कोणाचा होमर वाचावा, हा प्रश्न येथेंच उभा राहतो. चॅपमनचें भाषांतर वाचून कीट्सनें १८१६ मध्यें आपलें प्रसिद्ध सुनीत लिहिलें; पण तें इंग्रजी शेक्सपियरच्या काळचें. पोपनें १७१५ ते १७२० या काळांत प्रसिद्ध केलेलें 'इलियड' यमकांनीं नटलेलें आहे. बुचर व लँग यांची १८७९ ची गद्य 'ओडिसी' जुन्या बायबलाच्या वळणाची आहे. तिच्यांतील शब्द आज कोणीं पत्रांत घातले, तर वाचणारा हंसेल. नवशिक्यानें ई. व्ही. र्यू यांच्या १९४६ च्या गद्य 'ओडिसी'नें किंवा एमिली विल्सन यांच्या २०१७ च्या पद्य 'ओडिसी'नें आरंभ करावा. विल्सनबाईंनीं मूळ ग्रीक काव्याइतक्याच ओळींत आपलें भाषांतर बसविलें आहे, आणि त्यांची भाषा आजची आहे.

या भाषांतरांतील फरक केवळ शैलीचा नसतो. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गांत पेनेलोपीच्या मागणीदारांचा संहार झाल्यावर टेलिमॅकस घरांतील बारा स्त्रियांना फांशीं देतो. या स्त्रियांसाठीं अनेक जुन्या भाषांतरकारांनीं 'मेड' या जातीचे शब्द वापरले. विल्सनबाईंनीं त्यांना 'स्लेव्ह' म्हटलें. आपल्या 'दासी' या शब्दांत हे दोन्ही अर्थ सामावतात, म्हणून शब्दार्थांच्या वहींत दोन्ही शब्दांपुढें एकच मराठी अर्थ सुखानें बसेल. परंतु एक शब्द चाकरी सोडून जाऊं शकणाऱ्या मोलकरणीचा आहे, दुसरा धन्याच्या मालकीच्या माणसाचा. जिला 'नाहीं' म्हणण्याचा अधिकारच नव्हता, तिला बेइमानीबद्दल फांशी! हा अन्याय पहिल्या शब्दानें झांकला जातो, दुसऱ्यानें उघडा पडतो. समानार्थी म्हणून शिकविलेले शब्द समानार्थी नसतात, हें ज्याला या एका प्रसंगावरून कळलें, त्याला शब्द शिकणें म्हणजे काय तें कळलें असें आम्ही समजतों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एक सर्ग प्रथम कोश न उघडतां एका दमांत वाचावा; एकचक्षु राक्षसाची कथा असलेला 'ओडिसी'चा नववा सर्ग त्यास उत्तम. मग तोच सर्ग दुसऱ्या भाषांतरांत वाचावा, आणि जेथें दोघांचे शब्द भिन्न दिसतील तेथेंच पेन्सिल हातीं घ्यावी. सर्वच ओळींवर खुणा करणारा वाचक महाकाव्याचा अमरकोश करून ठेवील, आणि काव्य व कोश या दोहोंसहि मुकेल. 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गांत वृद्ध प्रायम राजा शत्रूच्या तंबूंत येऊन, ज्या हातांनीं आपला पुत्र मारला त्याच हातांचें चुंबन घेतो. चांगल्या भाषांतरांत त्या स्थळीं कठीण शब्द फारसे नसतात. तेथपर्यंत पोंचलेल्या विद्यार्थ्यानें वही खुशाल मिटून ठेवावी.