किल्लारीच्या मातांचा निकष

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत 'टेस्ट ट्यूब बेबी'च्या पाट्या आता सहज नजरेस पडतात. निपुत्रिक दांपत्यास त्या आशा देतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि या पाट्यांमागील संशोधनाची दिशा तपासावयाची, तर त्याचा निकष याच भूमीत सापडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. लेकरे गमावलेल्या मातांपैकी कित्येकींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. बंद केलेल्या गर्भनलिका पुन्हा जोडून घेण्यासाठी त्यांनी रुग्णालयाची वाट धरली. राहेलीचा विलाप आम्ही प्रवचनांतून अनेकदा सांगितला होता. तिची ही मागणी मात्र आम्हांस नवी होती.

नलिका जोडण्याचे काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने होते. यश स्त्रीच्या वयावर व उरलेल्या नलिकेच्या लांबीवर अवलंबून असते. पण ते लाभले, तर एकाच शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुन्हा नैसर्गिक गर्भधारणा होऊ शकते. संशोधनाचा ओघ मात्र त्यापूर्वीच नलिका टाळून जाण्याकडे वळला होता. १९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या नलिका बंद होत्या. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी तेच यश मिळविले. १९९२ साली एकच शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तीत दोष पुरुषाचा असला, तरी इंजेक्शने स्त्रीनेच सोसावयाची.

या शोधांची थोरवी आम्हांस मान्य आहे. वय उलटत चाललेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर वाट पाहण्याइतका अवधी नसतो, हेही खरे. आमचा आक्षेप असंतुलनास आहे. प्रयोगशाळेतील उपचार फसला, की पुन्हा नवा खर्च. आणि नलिका दुरुस्त करण्याचे कौशल्य मात्र मागे पडत गेले. दांपत्यास साहाय्य करणारे वैद्यक आणि दांपत्याची जागा घेणारे वैद्यक, असा भेद ख्रिस्तसभेने १९८७ च्या 'दोनुम व्हिते' या पत्रकात केला. किल्लारीच्या मातेने ते पत्रक वाचले नव्हते. तिने आपले शरीर पूर्ववत मागितले होते.

म्हणून आमच्या कुटुंबांना विनंती, की सुनेस बोल लावण्यापूर्वी मुलाची तपासणी करवून घ्यावी. आणि नलिका बंद असल्याचे निदान झाले, तर ती दुरुस्त होण्याजोगी आहे काय, हा प्रश्न डॉक्टरांस निःसंकोच विचारावा.