सिग्नलवाल्याचा खेळ

संगणकावरील खेळ परीक्षणास पात्र आहे असें म्हणणारास आमचे कांहीं वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. तरीही इंग्लंडांत तयार झालेल्या 'सिमसिग' या प्रतिकृतीचा, आणि विशेषतः तिच्या लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरील भागाचा, विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. वास्तववादाच्या मर्यादेचा जो वाद आपल्याकडे कादंबरीच्या निमित्तानें होतो, त्यावर येथें थोडा प्रकाश पडतो.

या खेळांत आगगाडी दिसतच नाहीं. 1989 सालीं त्या स्थानकासाठीं जें विद्युत्-नियंत्रण केंद्र सुरू झालें, त्यांतील सिग्नलवाल्यापुढें जो काळा पडदा असे, तोच आपल्यापुढें येतो. मोकळा रूळ करडा, गाडीसाठीं राखलेला मार्ग पांढरा, गाडीनें व्यापलेला भाग तांबडा. आणि गाडी म्हणजे चार अक्षरांची एक खूण. मार्गाच्या आरंभींचा सिग्नल दाखवावा, नंतर शेवटचा दाखवावा, कीं सांधे फिरतात व सिग्नल उघडतो. परंतु दुसऱ्या गाडीचा मार्ग आडवा येत असल्यास 'इंटरलॉकिंग'ची व्यवस्था मुकाट्यानें नकार देते. 1874 सालीं उघडलेल्या या स्थानकास बेथनल ग्रीनकडून सहा रूळ येतात, आणि फलाटांच्या तोंडाशीं त्यांच्या वाटा एकमेकींस छेदतात. येथेंच सारें नाट्य आहे.

तें नाट्य कोणत्या जातीचें? उशिरां आलेल्या मेलगाडीस आपण दयाबुद्धीनें पुढें सोडावें, तों उपनगरी गाडी तांबड्या सिग्नलापाशीं अडकते. तिचेच डबे पुढच्या फेरीस जावयाचे असल्यामुळें तीही फेरी चुकते. फलाट रिकामा होत नाहीं, म्हणून तिसरी गाडी बाहेर उभी राहते. आणि मग चालकाचा टेलिफोन येतो. खलपुरुष कोणीच नसतो. दोन न्याय्य मागण्यांपैकीं एक नाकारावी लागते, आणि नकाराचें फळ अर्ध्या तासानें तिसऱ्याच ठिकाणीं भोगावें लागतें. पुष्कळ सामाजिक नाटकांना न साधलेली ही कार्यकारणाची अटळ सांखळी येथें केवळ रेषांनीं साधली आहे. बाह्य रूपाची हुबेहूब नक्कल म्हणजे वास्तववाद नव्हे, हें यावरून उघड व्हावें.

परंतु एक उणीव गंभीर आहे. 12 डिसेंबर 1988 रोजीं लंडनच्याच क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन 35 माणसें मृत्यु पावलीं. नवी जोडणी करतांना एक जुनी तार मोकळी राहिली होती, आणि तिच्यामुळें सिग्नल तांबडा होईना. तें काम करणाऱ्या कारागिरास आधींच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, असें चौकशींत निष्पन्न झालें. या खेळांत मात्र चुकीची किंमत मिनिटांत मोजली जाते. हवें तेव्हां घड्याळही थांबवितां येतें.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या सिग्नलवाल्याचे दिवसही बहुधा मिनिटांच्या हिशेबांतच जातात; प्राणांची काळजी यंत्र वाहतें. हें बरेंचसें खरें आहे. पण सिग्नल नादुरुस्त झाला म्हणजे तांबडा दिवा ओलांडण्याची परवानगी त्यासच द्यावी लागते, आणि त्या क्षणीं यंत्राचें संरक्षण सुटून माणसाची विवेकबुद्धि तेवढी उरते. ही परवानगी या खेळांतही आहे. परंतु ती देतांना हात कांपत नाहीं. कुशल कादंबरीकारानें नेमका तोच क्षण पकडला असता.

असें असलें तरी आम्ही या कृतीची शिफारस करतों. फलाटाबाहेर खोळंबलेल्या गाडींत बसून रेल्वेस दूषणें देणाऱ्या सुशिक्षित प्रवाशास, त्या खोळंब्यामागें कोणाचा तरी कठीण निर्णय असूं शकतो, हें इतक्या स्पष्टपणें समजाविणारें दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.