जाते, ओवी आणि स्वातंत्र्य

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेला ‘उत्स्फूर्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. या गौरवात एक अन्याय दडलेला आहे. दळण, पेरणी, मळणी हा कष्टांचा क्रम त्यांनी निवडला नव्हता. जात्यावरच्या ओवीची लयही परंपरेनेच दिलेली होती. परंतु त्या ठरलेल्या फेऱ्यात कोणती प्रतिमा घ्यावी, कोठे प्रश्न विचारावा, कोठे हसावे, हे त्यांनीच ठरविले. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची रचना घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली. तिला निव्वळ निसर्गाची देणगी मानणे म्हणजे रचनाकर्तीची निवड नाकारणे होय. चाकोरी मोडता येत नसतानाही तिच्यातून स्वतःचा अर्थ घडविणे, हेच या कवितेचे स्वातंत्र्य आहे.