सांडलेला रंग आणि पुसलेली काच

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हांला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, तो पोलॉक रंग सांडतो, आमचा नातूही सांडतो. फरक काय?" बाकीचे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आम्ही उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं, आणि हा प्रश्न आमच्याच घरचा आहे. एखादी गोष्ट आपण केली आणि एखादी नुसती घडली, यांत फरक कशाने पडतो? आज तेवढंच बघू.

आधी काम कसं चालायचं ते. जॅक्सन पोलॉक १९४५च्या अखेरीस न्यूयॉर्क शहर सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावी राहायला गेला. तिथल्या जुन्या कोठारात, १९४७पासून, कॅनव्हास जमिनीवर अंथरून तो चारी बाजूंनी फिरत काम करू लागला. रंग म्हणाल तर पुष्कळदा घराला लावायचा चकचकीत एनॅमल. काठी किंवा वाळून कडक झालेला ब्रश डब्यात बुडवायचा आणि रंग वरून सोडायचा. ब्रश कॅनव्हासला टेकतच नाही. आता ज्यांनी अंगणात रांगोळी काढली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बोटं जमिनीला लागत नाहीत, रेघ चिमटीतून पडते. तरी ती वाटेल तिथे पडते असं कोणी म्हणणार नाही. हात किती उंचावर आहे, किती वेगाने सरकतो, यावर रेघ ठरते. एनॅमलमध्ये आणखी एक भानगड, रंग पातळ की घट्ट. हात रेंगाळला की थारोळं, झपकन गेला की तंतू.

बरं, रंग ओघळवणं हा काही त्याने एकट्याने लावलेला शोध नव्हे. युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॅनेट सोबेल या आजीबाईंनी त्याच्या आधी तसं केलं होतं. त्यांचं 'मिल्की वे' १९४५चं आहे. पोलॉकने त्यांचं काम पाहिलं होतं. इतिहास लिहिणाऱ्यांना मात्र त्यांची आठवण फार उशिरा झाली.

आता मुद्द्यावर येऊ. १९५०मध्ये हान्स नामुथ या छायाचित्रकाराने पोलॉकवर एक छोटी रंगीत फिल्म केली. चित्रकाराचा चेहरा आणि रंग दोन्ही दिसावेत म्हणून त्याला काचेवर रंगवायला लावलं आणि कॅमेरा काचेखाली ठेवला. सगळे बघतात ते त्याचं वाकणं, फिरणं, तो हात. आम्ही तुम्हांला दुसरंच बघायला सांगू. काचेवर सुरू केलेलं पहिलं चित्र तो मध्येच पुसून टाकतो. त्याच्याशी आपला धागा तुटला, अशा अर्थाचं काहीतरी सांगतो, आणि नव्याने सुरू करतो.

का पुसलं? सगळंच अपघाताने होत असेल तर बिघडायला काय आहे? जिथे चुकता येतं तिथेच बरोबर असण्याला अर्थ असतो, हे विटगेन्श्टाइनने नियमांबद्दल बोलताना आपल्याला शिकवलं. पोलॉकच्या मनात चित्राचा आराखडा आधी तयार नसेल, बहुधा नव्हताच. पण कसोटी होती, आणि ती रंगवता रंगवता लागू होत होती. तेव्हा त्या श्रोत्यांना आमचा उलट प्रश्न : तुमच्या नातवाने कधी "हे बिघडलं" म्हणून फरशी पुसून पुन्हा सांडायला घेतलं का? घेतलं असेल तर त्याला आणखी रंग आणून द्या, ओरडू नका.

म्हणूनच हॅरल्ड रोझेनबर्ग यांच्याशी आमचं जमत नाही. १९५२मध्ये त्यांनी या चित्रकारांना 'अ‍ॅक्शन पेंटर' म्हटलं. कॅनव्हास म्हणजे जणू आखाडा, महत्त्व कृतीला, चित्र हा तिचा मागे उरलेला माग. ऐकायला झकास आहे. पण कृतीच सर्वस्व मानली तर काच पुसण्याचं कारणच उरत नाही. पुसलेलं चित्रही कृतीच होती की!

आणि रंगांचं काय? 'लॅव्हेंडर मिस्ट' हे १९५०चं चित्र घ्या. नावात लॅव्हेंडर आहे, चित्रात तो रंग वापरलेलाच नाही. गुलाबीसर, निळा, पांढरा, करडा, काळा अशी जाळी एकमेकांवर पडते आणि जांभळट धुकं आपल्या डोळ्यांत तयार होतं. इथे रंग मिसळण्याचं काम पाहणाऱ्यावर सोपवलं आहे.

सगळीकडे मात्र हे साधत नाही. १९५२चं 'ब्लू पोल्स', ज्याच्या खरेदीवरून १९७३मध्ये ऑस्ट्रेलियात एवढा गदारोळ झाला, ते आम्हांला कमी पडलेलं वाटतं. पिवळा, नारिंगी, अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी, सगळे एकाच वेळी बोलतात. मग त्यांना आवरायला आठ गडद निळे खांब तिरपे उभे केले. घर डळमळायला लागल्यावर टेकू द्यावा तसे ते दिसतात. हे मत पुष्कळांना पटणार नाही, ठीक आहे.

आता दिवे जरा मंद करा. पडद्यावर 'ऑटम ऱ्हिदम' आहे, मूळ चित्र सव्वापाच मीटर रुंद. खाली कोरा, अस्तर न दिलेला कॅनव्हास आहे, आणि त्याचा मातकट रंगही चित्रात धरायचा. पांढरा आणि तपकिरी तूर्त सोडून द्या. सर्वांत आधी पडलेला पातळ काळा शोधा, कापडात मुरल्यामुळे त्याची चमक गेली आहे. सापडला की हात वर करा.