तीन अक्षरांचे सांत्वन

भाषा बिघडत चालली, ही ओरड काही आजची नव्हे. इंग्रजीपुरते बोलायचे तर १७१० साली जोनाथन स्विफ्ट यांनी 'टॅटलर' या नियतकालिकातून शब्द अर्धवट तोडण्याच्या तत्कालीन खोडीवर कोरडे ओढले होते. 'मॉब' हा लॅटिन शब्दांचा तुकडा त्यांना मुळीच खपत नसे. आज तोच शब्द कोशात मानाने बसला आहे. मौज अशी की, हेच स्विफ्ट आपल्या जिवलग स्टेलाला पत्रे लिहिताना सांकेतिक आद्याक्षरे नि बोबडे शब्द यांची मुक्त पखरण करीत.

हे आठवण्याचे कारण म्हणजे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले 'टेक्स्टिंग : द ग्रेट डिबेट' हे पुस्तक. ते आम्ही अलीकडे पुन्हा वाचले. शीर्षकातील स्वर गाळून आणि 'एट' या ध्वनीच्या जागी ८चा आकडा घालून लेखकाने हसतहसतच वादात उडी घेतली आहे. वाद तेव्हा चांगलाच तापला होता. आदल्याच वर्षी बीबीसीचे नामवंत निवेदक जॉन हम्फ्रिस यांनी 'डेली मेल'मध्ये, फोनवर त्रोटक संदेश लिहिणाऱ्यांची तुलना चंगीझखानाशी केली होती.

क्रिस्टल यांचे उत्तर संयमी आहे. ते सांगतात की, अशा संदेशांत तोडलेले शब्द शेकडा दहाही भरत नाहीत. शिवाय, गाळायचे अक्षर कोणते हे ज्याला कळते, त्याला मूळ शब्दाचे वर्णलेखन ठाऊक असावेच लागते. आणि संक्षेपाची परंपरा तर फार जुनी आहे. आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. क्रूसावरील पाटीची चार अक्षरे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

पुढील काळाने कौलही त्यांच्याच बाजूने दिला. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये पहिला लघुसंदेश पाठविला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता आणि त्यातील दोन्ही शब्द पूर्ण होते. कारण उघड आहे. तो संगणकाच्या कळफलकावरून लिहिला होता. पुढे आकड्यांच्या कळांवर 'एस' हे एक अक्षर उमटविण्यासाठी चार वेळा कळ दाबावी लागू लागली, त्यातच १६० अक्षरांची मर्यादा. तेव्हा शब्दांची काटछाट सुरू झाली. फोनवर पूर्ण कळफलक आल्यावर तिची निकड उरली नाही. दोष पिढीचा नव्हता, कळांचा होता.

इथवर आम्ही लेखकाशी सहमत आहोत. मात्र शब्दाचे रूप टिकले म्हणजे भाषा सुखरूप राहिली, हा पुस्तकातून निघणारा दिलासा आम्हाला अपुरा वाटतो. थडग्यावर कोरलेली 'आरआयपी' ही तीन अक्षरे घ्या. मृताला शांतीने विश्रांती लाभो, अशी ती मुळात लॅटिन प्रार्थना. दगडावर ती कोरण्यासाठी कुणीतरी छिन्नी चालविलेली असे, तिच्यापुढे कुणीतरी गुडघे टेकलेले असत. गेल्या वर्षी एका स्नेह्याच्या पत्नीच्या निधनाची वार्ता फोनवर आली, तेव्हा आम्हीही तीच तीन अक्षरे टंकून मोकळे झालो. त्याखाली अगोदरच तशा तीन-तीन अक्षरांची रांग लागलेली होती. संक्षेप जुना नि पवित्रच होता. उणे होते ते आमचे त्या घरासाठी थांबणे.

आता तर यंत्र उत्तरही सुचविते. २०१५ मध्ये गूगलने ई-पत्रांना आयती उत्तरे सुचविणारी सोय आणली. तिच्या चाचणीत यंत्र वाटेल त्या पत्राला 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे उत्तर पुढे करी, कारण ते वाक्य पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलेले! अभियंत्यांनी ही खोड दुरुस्त केली. पण प्रसंग हसून सोडण्याजोगा नाही. त्या वाक्याचे वर्णलेखन निर्दोष होते, व्याकरण निर्दोष होते. फक्त ते म्हणणारे कुणी नव्हते.

क्रिस्टल यांना २००८ मध्ये हे दिसायला हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी एका खोट्या भीतीचे निवारण केले, हे ऋण मोठे आहे. म्हणून इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांचे तुटके शब्द पाहून पालकांनी कपाळाला हात लावू नये. त्यांना एवढेच विचारावे की, हे तू लिहिलेस, की फोनने सुचविले? आणि हा प्रश्न प्रथम आम्ही स्वतःला विचारावयास हवा. त्या स्नेह्याला आम्ही पुढे पत्र लिहिले. पानभर मजकुराला दोन संध्याकाळी लागल्या. त्यात खाडाखोड बरीच झाली, ती तशीच राहू दिली.