ख्रिस्तपुराणांतील आशा

फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव मराठी वाचकास ठाऊक असतें तें बहुधा एकाच कारणानें. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार-दोन ओव्या शाळेच्या पुस्तकापासून संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र म्हटल्या जातात, आणि त्या म्हणून झाल्या कीं ग्रंथाचें काम संपलें असें समजून तो मिटला जातो. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ चार ओव्यांवर निकालांत निघावा, हें ग्रंथकाराचें दुर्दैव कीं आमचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या मतें ‘ख्रिस्तपुराणा’चें मर्म भाषास्तुतींत नाहीं, दुःखांत सांपडलेल्या माणसाच्या हातीं तें काय ठेवतें, यांत आहे.

मालवण-वेंगुर्ल्याकडील वाचकास तर हा ग्रंथ परका वाटण्याचें कारणच नाहीं. गोव्याची सरहद्द येथून हाकेच्या अंतरावर. या टापूंतील कितीतरी कॅथलिक घराण्यांचें मूळ गोव्यांतलें. वाटेच्या कडेला चुना लावलेले खुरीस त्यांचेच. सिंधुदुर्गाचा निराळा धर्मप्रांत झाला तो मात्र अगदीं अलीकडे, २००५ सालीं. भाषेच्या दृष्टीनेंही जवळीक आहे. शुद्ध मराठी साध्या लोकांस उमगणार नाहीं म्हणून तींतले कठीण शब्द टाळून तेथील ब्राह्मणांच्या बोलींतील, म्हणजे ज्या बोलीस आज आपण कोंकणी म्हणतों तींतील, सोपे शब्द मिसळले असें ग्रंथकारानें स्वतःच सांगून ठेविलें आहे. पुण्याच्या वाचकास जेथें टीप पाहावी लागते, तेथें मालवणी बोलणारी एखादी वृद्धा न अडखळतां पुढें जाईल.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडांतील विल्टशरचे. ते १५७९ त गोव्यास आले, उरलेलें आयुष्य बहुतेक साष्टींत घालविलें, आणि १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत हें पुराण छापविलें. परंतु या सालांच्या अधेंमधें जें घडलें तें विसरून पुराण वाचणें म्हणजे अर्धेंच वाचणें होय. साष्टींतील देवळें त्यांच्या येण्यापूर्वींच, १५६७ त, पाडलीं गेलीं होतीं. जुन्या पोथ्यांस बंदी होती. १५८३ त कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार केलें. त्यांचीं प्रेतें परत आणण्याचें काम स्टीफन्स यांच्याकडे आलें. आणि पुढें त्याच गांवच्या प्रमुखांस बोलण्याच्या निमित्तानें असोळण्यास बोलावून पोर्तुगीजांनीं त्यांचा वध केला. पुराणाच्या आरंभींच नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? सगळ्या ग्रंथाची उभारणी या प्रश्नावर आहे. मोडलेल्या घरांतून आलेला तो प्रश्न आहे. ज्या सत्तेनें घर मोडलें, तिच्याच आश्रयास असलेल्या हातानें पुढें केलेला दिवा घ्यावा कीं न घ्यावा? हा पेंच टाळून स्टीफन्सची नुसती आरती ओंवाळणारे टीकाकार आम्हांस प्रामाणिक वाटत नाहींत. आणि या पेंचापाशींच थांबून ग्रंथ न उघडणारेही नाहींत.

ग्रंथ उघडला म्हणजे पहिली गोष्ट ध्यानांत येते ती त्याच्या विस्ताराची. ख्रिस्ताची कथा सांगावयाची, तर ख्रिस्त येण्यापूर्वीं चार हजारांवर ओव्या जातात. सृष्टीची उत्पत्ति, आदामाचें पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, भविष्यवादी असें सारें पहिलें पुराण म्हणजे एक दीर्घ वाट पाहणें आहे. आधुनिक वाचक येथें कंटाळतो. आम्हीही प्रथम कंटाळलों होतों. पण हा कंटाळा कवीला हवाच होता कीं काय, असें दुसऱ्या वाचनांत वाटूं लागतें. वचन मिळालें आहे, आणि पिढ्यांमागून पिढ्या तें पुरें होण्यापूर्वींच मरत आहेत! अवेळीं उठलेल्या वादळांत सांपडलेल्या होडीसाठीं किनाऱ्यावर बसून राहिलेल्या बाईस या ओव्यांचा अर्थ कोणी फोडून सांगावा लागणार नाहीं. आशा म्हणजे मनाची उभारी अशी आपली समजूत असते. येथें आशा म्हणजे दम धरणें. मन खचलें असतांही जागा न सोडणें.

दुसऱ्या पुराणांत यातनांचा भाग येतो आणि तेथें मराठी श्रोत्यास एक निराळाच धक्का बसतो. आपला विठोबा जनीबरोबर दळण दळतो, चोख्याचीं ढोरें ओढतो. भक्ताच्या कष्टांत देवानें हात घालावा हें आपणांस नवें नाहीं. पण देवानें स्वतः मार खावा, त्याचा न्याय लांच्छनास्पद व्हावा, त्याच्या आईनें खालीं उभें राहून तें पाहावें, आणि वरून कोणीही सोडवावयास येऊं नये, हें वारकरी संतांच्या देवास घडलेलें नाहीं. प्राक्तनाचा सिद्धान्त दुःखाचें कारण सांगतो. आदामाच्या कथेनें स्टीफन्सही तें सांगतात. पण मरणाऱ्या मुलाच्या आईस कारण सांगून काय उपयोग? क्रुसाच्या प्रसंगीं कवि कारणें सांगावयाचें सोडून केवळ कथा सांगतो, आणि ओवीची ती संथ, घरगुती चाल, जी जात्यावर आणि पाळण्याशीं आपण ऐकलेली असते, त्या भयंकर प्रसंगास पेलून नेते. पुनरुत्थान त्यानंतर येतें. त्याच्या आधीं नाहीं, हें महत्त्वाचें.

दोष सांगितले पाहिजेत. जेथें स्टीफन्स वाद घालतात, जुन्या देवतांचा अधिक्षेप करतात, तेथें त्यांची वाणी एकदम कोरडी होते. पाडलेल्या देवळांविषयीं पुराण पाडणाऱ्यांच्याच बाजूनें बोलतें. दुसऱ्याच्या दुःखाचें इतकें सूक्ष्म भान असलेल्या कवीस दाराबाहेरचें दुःख दिसूं नये, याचें वाईट वाटतें.

येथें लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नवरा १८९५ त ख्रिस्ती झाल्यावर पांच वर्षें त्याच्यापासून दूर राहून शेवटीं १९०० त स्वतः बाप्तिस्मा घेणाऱ्या या बाईनें १९३४ पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’त आपलें दुःख हंसत हंसत सांगितलें आहे, आणि धर्माचा उपदेश जवळजवळ केलेलाच नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ही त्यांनींच तडीस नेलें, १९३८ त, त्यांच्या पश्चात्, तें प्रसिद्ध झालें. आम्हांस विचाराल तर लक्ष्मीबाईंची आशा ‘ख्रिस्तायना’पेक्षां ‘स्मृतिचित्रां’तच अधिक खरी उतरली आहे. तेथें आशा म्हणून वेगळी कांहीं वस्तु नाहीं. चूल पेटते, पोर आजारी पडतें, नवरा चिडतो, आणि बाई उठून कामास लागते. स्टीफन्स यांचा ग्रंथ मंडळींत मोठ्यानें म्हणावयाचा. हा घरांत, एकट्यानें वाचावयाचा.

राहिला तो दिव्याचा प्रश्न. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें फर्मान काढून लोकांस त्यांची बोली तीन वर्षांत टाकावयास सांगितली. पुराणाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तें टिकलें तें हातानें नकला करून ठेवणाऱ्या आणि उपासाच्या दिवसांत तें गाणाऱ्या कुटुंबांमुळें, विशेषतः गोवा सोडून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ त मंगळूरास जोसेफ साल्ढाणा यांनीं तें पुन्हा छापलें, आणि १९५६ त शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत आणलें. देणाऱ्यानें दिलें तें कोणत्या हेतूनें, हा प्रश्न इतिहासाचा. घेणाऱ्यांनीं मात्र तें राजाज्ञेविरुद्ध सांभाळलें, म्हणजे केव्हां तरी तें त्यांचें स्वतःचें झालें होतें. दुसऱ्या पुराणांतील यातनांचा भाग, टीपांसह आणि माफक किंमतींत, स्वतंत्र पुस्तकरूपानें कोणी काढील, तर त्याचा पहिला गिऱ्हाईक होण्यास आम्ही तयार आहों.